तीन गाठींचा दोरा

इकडे ये. अशी लांबून वाचू नकोस, कागद जरा जवळ धर, माझं अक्षर मुंग्यांसारखं आहे. आणि पहिले थोडी बोलणी खाऊन घे, म्हणजे पुढचं गोड लागेल.

परवा फोनवर तू काय विचारलंस मला? "आजी, अड्याळला अजून लाइट जाते का गं? इन्व्हर्टर बसवला की सांग, मग येते." माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं नाहीस, परसातल्या आंब्याला मोहोर आला का ते विचारलं नाहीस, एकदम लाइट. अगं, ज्या घरी यायला तू लाइटपायी मागेपुढे करतेस, त्याच घरात आम्ही एकदा लाइट जावी म्हणून पंधरा दिवस वाट पाहत बसलो होतो. आणि ती मेली जाईना. शेवटी तुझ्या आजीनं जे केलं ते तुझ्या बापालाही कधी सांगितलं नाही. तुला सांगते. तू माझ्यावर गेली आहेस, तुला समजेल.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सत्तर सरून ऐंशी यायला टेकलं होतं. नेमका सन विचारू नकोस, त्या साली आमची बकरी दोनदा हरवली होती एवढं पक्कं आठवतं. सासरी हातमागाचं घर. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डे करून बसवलेले दोन माग. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, खाली पायानं दाबतो, वर हातानं धोटा फेकतो. एका मागावर मामाजी, म्हणजे माझे सासरे. दुसऱ्यावर तुझे आजोबा. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, रहाटावर सुताच्या कांड्या भरत. आणि मी नवी, म्हणून सगळ्यांचं सगळं करत होते.

प्रत्येक मागावर एकेक बल्ब लोंबत होता. त्या बल्बचा मामाजींना फार अभिमान. लाइट घरात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण तेवढ्यात ही माणसं अंधार पार विसरून गेली होती. घरात दोन कंदील होते. एकात आत्याबाई सुपाऱ्या ठेवायच्या. दुसऱ्याची काच काढून कोणीतरी लोणच्याच्या बरणीवर उपडी घातली होती. माझ्या माहेरी, नाकाडोंगरीच्या पुढे अगदी जंगलाला लागून, तारच काय, खांबही आला नव्हता. मी अंधारात भात निवडलेला, अंधारात वेणी घातलेली, अंधारात भावाशी भांडलेली. त्यामुळे बटण दाबलं की उजेड पडतो याचंच मला पहिले आठ दिवस हसू यायचं.

आता मामाजी अंधाराला एवढे का भ्यायचे ते सांगते. माझ्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी लाइट गेली. मामाजी पाणी प्यायला उठले होते. परत आपल्या जागेवर यायला निघाले आणि पाय थेट खड्ड्यात. करवतकाठी लुगडं अर्धं विणून झालं होतं, त्याच्या ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतात, मामाजी कमरेपर्यंत अडकले. वरही येईनात, खालीही जाईनात. आवाज ऐकून समोरच्या घरातली काकू चिमणी घेऊन आली. बाई मनानं चांगली, पण जीभ अशी की कात्रीनं लाजावं. तिनं चिमणी वर धरली, मामाजींना वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अव माय, यंदा काठावर मानूस काढला का जी?"

झालं. आठवडी बाजारात जो भेटेल तो विचारायचा, "दादाजी, तो मानसाच्या काठाचा लुगडा निंगाला का?" मामाजींनी तेव्हापासून ठरवलं होतं की पुढचा अंधार आपल्याला गाफील पकडणार नाही.

आणि मग एका दिवशी लाइनमन ओट्यावर चहा प्यायला टेकला आणि बशी तोंडाला लावता लावता म्हणाला, "खांब बदलून राहिले जी. येत्या सोमवारपासून तीन दिवस लाइन बंद राहीन."

मामाजींचा चेहरा असा झाला, जसं कोणी मुलीला मागणी घातली.

त्याच दिवशी माझ्या दादाचं कार्ड आलं होतं. टेंभरं, ती जंगलातली पिवळी गोड फळं, पिकली आहेत, आई लोणच्याचे आंबे उतरवून बसली आहे, मिरग लागायच्या आत ये. मिरग लागला की आमच्या गावाचा नाला भरायचा, बैलबंडी निघायची नाही, दादा धानाच्या कामाला लागायचा, आणि मग पोळ्यापर्यंत मला न्यायला कोणी येणार नव्हतं. आठ महिने मी आईचं तोंड पाहिलं नव्हतं. मी कार्ड चार वेळा वाचलं. मग पदर नीट केला आणि मामाजींच्या मागापाशी जाऊन उभी राहिले.

"जाजो ना," मामाजी म्हणाले. "कोन नाही म्हनते? पन हा अंधार निपटू दे. तू अंधाराच्या गावची. वात कापता येते तुले, काच पुसता येते. तू गेली तर आमी काय करू, सांग बरं?"

इतकं गोड बोलले की नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. मी मनात मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी मी बसमध्ये. काही हरकत नाही.

मग तयारी सुरू झाली. कंदिलातल्या सुपाऱ्या निघाल्या. आत्याबाईंना ते आवडलं नाही, त्यांनी त्या कमरेच्या बटव्यात कोंबल्या आणि दिवसभर बटवा वाजवत फिरल्या. लोणच्यावरची काच मी राखेनं घासली, तरी पेटवून पाहिला की घरभर मेथीचा वास येई. वाती सरळ कापून कोपरे जरासे गोल केले, म्हणजे धूर धरत नाही. मातीचं तेल मामाजींनी दुकानातून पिंपभरून आणलं आणि झाकणावर दगड ठेवला. तेल काय उडून जाणार होतं? पण ठेवला.

आत्याबाईंनी तीन दिवसांचा फराळ करायला घेतला. कापण्या, शेव, चिवडा, डबा भरभरून. मी म्हटलं, "आत्याबाई, चूल काही लाइटवर नाही चालत."

"अंधारात कढई दिसंन का?"

"कंदील राहीन ना."

"कंदील तुझे मामाजी सोडतीन का कोनाले? एक या हातात, एक त्या हातात, आन बसतीन गनपतीवानी."

बरोबर होतं ते.

पण मामाजींचं डोकं इथे थांबणारं नव्हतं. रविवारी सकाळी ते मागावरून उठलेच नाहीत, नुसते बल्बकडे पाहत बसले. मग म्हणाले, "कंदील विझला तर?"

"पेटवू," तुझे आजोबा म्हणाले. ते तसेही दिवसातून चार-पाच शब्दच बोलायचे.

"माचिस सापडली नाही तर?"

 तेव्हा मामाजींनी तो दोऱ्यांचा बेत सांगितला. घरात सुताला काय तोटा. मागावर उरलेले तुकडे टोपलीभर पडलेले. ते जोडून लांब दोरे करायचे आणि घरभर कमरेच्या उंचीवर ताणायचे. लाल दोरा धरून चालत गेलं की मोरी. हिरवा दोरा धरला की तांदळाची कोठी. पिवळा मागच्या दारी, बकरीपाशी. विणकराचं डोकं, सगळं दोऱ्यातच चालतं. दुपारपर्यंत तिघंही खपले. घर असं दिसू लागलं की जणू घरालाच मागावर चढवलंय. मी वाकून वाकून चहा देत होते. चहा देता देता माझ्या मनात एक आलं. बोलावं की नाही, नवी सून. पण जीभ राहते का.

"मामाजी, अंधारात रंग दिसतीन का?"

 तुझे आजोबा हळूच खड्ड्यात उतरले आणि काहीतरी शोधायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"हे पहिले काहून नाही सांगतलं?" मामाजी म्हणाले.

"आत्ताच सुचलं जी."

मामाजी काही हार मानणारे नव्हते. त्यांनी दोऱ्यांना गाठी मारायचं काढलं. एक गाठ म्हणजे मोरी, दोन गाठी म्हणजे कोठी, तीन गाठी म्हणजे बकरी. हातभर अंतरावर गाठी, बोटांना लागतील अशा. पण दोरे तुकडे जोडून केलेले, हे ते विसरले. तुकडा जोडला की गाठ येतेच. विणकराच्या बोटांना त्या जोडाच्या गाठीची इतकी सवय असते की ती त्याला गाठ वाटतच नाही. मला मात्र दिसत होतं की मोरीच्या दोऱ्याला कुठे दोन, कुठे तीन, आणि कोठीच्या दोऱ्याला तर जागोजाग घोसच आहेत. पण एकदा तोंड उघडून झालं होतं, एका दिवसात दोनदा कोण उघडतं? आणि गुरुवारी मी जाणारच होते.

दुपारी मामाजींनी सगळ्यांची तालीम घेतली. भर उन्हात, डोळ्यांना फडकी बांधून. आम्ही चौघं एकामागे एक, दोरे चाचपत चाललो आहोत, आत्याबाई खाली बसून बसून जात आहेत, आणि नेमकी समोरची काकू दारात. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"काय खेळून राहिले जी?" तिनं विचारलं. "मी बी येऊ का?"

मामाजींनी फडकं न काढता सांगितलं, "तुमाले नाही समजनार. सोमवारी या, अंधारात. मंग सांगतो."

सोमवार आला. चार वाजल्यापासून सगळे तयार. सहा वाजले, बल्ब पेटलेलाच. आठ वाजले, बल्ब आपला हसतोय. मामाजींनी दोनदा बटण बंद करून पुन्हा सुरू केलं. लाइट मुकाट्यानं येत होती. जेवायला काही केलं नव्हतं, म्हणून आम्ही अंधाराचा फराळ उजेडात खाल्ला. सगळा संपला.

मंगळवारी मामाजी लाइनमनच्या घरी गेले. "खांब आले नाही जी," तो म्हणाला, "गुरुवारी पहा." आत्याबाईंनी पुन्हा कढई ठेवली. गुरुवारी लाइट गेली नाही, कापण्या गेल्या. मग म्हणे सोमवार. तो सोमवारही असाच. आत्याबाईंनी तिसरा घाणा काढला आणि डब्याला कुलूप लावलं. मामाजी लाइनमनला रस्त्यात दिसले की तो सायकल दुसऱ्या गल्लीत घालायला लागला. आणि समोरची काकू रोज ओट्यावरून विचारायची, "आला का जी अंधार? का पोस्टानं येऊन राहिला?"

मला मात्र हसू येईनासं झालं होतं. आभाळ दुपारनंतर भरून यायला लागलं होतं. गुरुवारी दादाचं दुसरं कार्ड आलं. शनिवारी तिसऱ्या प्रहरी बंडी घेऊन नाकाडोंगरीच्या फाट्यावर उभा राहतो. त्यानंतर जमणार नाही, पेरा आहे. आई म्हणते, पोर येत नसेल तर टेंभरं वाळवून ठेवते. वाळवून. म्हणजे आईनं आशा सोडली.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा मामाजींसमोर उभी राहिले.

"अंधार निपटला का जाजो," मामाजी म्हणाले. त्यांना वाईटही वाटत होतं, पण आता शब्द मागे कसा घ्यायचा, गाव पाहत होतं.

मग मी ठरवलं की अंधार येत नसेल तर आपणच आणू.

तुझे आजोबा एकदा फ्यूजला तार बांधत होते, ते मी पाहून ठेवलं होतं. पहिले मेन खाली, मग फ्यूज बाहेर. शुक्रवारी दिवेलागणीच्या जरा आधी मामाजी देवापुढे बसले, आजोबा विहिरीवर गेले, आत्याबाई बकरीला चारा टाकत होत्या. मी स्टुलावर चढले. मेन खाली केलं, चिनीमातीचा तो पांढरा फ्यूज ओढून काढला, मेन पुन्हा वर. फ्यूज पदराआड घेतला आणि जाऊन तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खोल खुपसून दिला. माझं काळीज असं उडत होतं की कोठीच हलते आहे असं वाटावं. तू हे करू नकोस. मी केलं, मला माहेरी जायचं होतं.

अंधारून आलं. मामाजी देवापुढून उठले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

ते तिसऱ्यांदा दाबायला गेलेच नाहीत. तिथेच उभे राहून इतक्या शांतपणे म्हणाले, जसं स्टेशनावर गाडी दिसावी, "आला. आता कोनी घाबरू नका."

कोणी घाबरलं नव्हतंच. पण मामाजींनी पुढचं दार लावलं, खिडक्यांना पोती अडकवली, अंधारात चोर येतात म्हणून. जेठ महिन्याचा उकाडा, त्यात घर बंद. घामाच्या धारा लागल्या. पण माझ्यासाठी बरंच झालं, कारण बाहेर खांबावरचा दिवा लखलखत होता आणि समोरच्या काकूच्या घरी रेडिओवर गाणी लागली होती. रेडिओ सेलवर चालायचा म्हणून मामाजींना त्याचं काही वाटलं नाही.

"कंदील लावू?" मी विचारलं.

"नाही. पहिले दोरा, मंग कंदील. पंधरा दिवस उगीच बांधले का?" मग आत्याबाईंकडे, म्हणजे जिकडे त्या असाव्यात तिकडे तोंड करून म्हणाले, "तू कोठीतून तांदूळ आन. फराळ राहू दे. आज गरम भात खाऊ, अंधाराले दाखवू."

 कोठीत हात घालणार म्हणजे फ्यूज हाती लागणार. मी म्हटलं, मी आणते. "नाही," मामाजी म्हणाले, "ज्याचा दोरा त्यानंच चालाचा."

आत्याबाई निघाल्या. बटव्यातल्या सुपाऱ्या वाजत वाजत दूर गेल्या. बराच वेळ काही नाही. मग मागच्या दारातून बकरीचं जोरात बें, आणि आत्याबाईंचा आवाज, "दोन गाठी होत्या. मंग तीन झाल्या. मंग शिंग लागला."

"परत ये. दोन गाठी पाहून चाल."

"दोन बी हायेत, तीन बी हायेत. तुमी दोरा बांधला का जपमाळ?"

त्या परत आल्या, पुन्हा निघाल्या, मोरीत गेल्या, भिजल्या, आणि तिसऱ्या खेपेला एकदाच्या कोठीपाशी पोचल्या. कोठीचं झाकण वाजलं.  आत्याबाई तिथे जरा जास्तच थांबल्या. मग सूप घेऊन आल्या, माझ्या शेजारी बसल्या, बटव्यातून एक सुपारी काढली आणि कडकड चावत राहिल्या.  मी देवाचे आभार मानले की फ्यूज खोल होता.

मग कंदील लागले, आणि खरं सांगते, तेवढी संध्याकाळ फार छान गेली. मामाजी एक कंदील या हातात, एक त्या हातात घेऊन बसले, आत्याबाई म्हणाल्या होत्या तसेच गणपतीसारखे. चुलीवर भात रटरटत होता. पाणी प्यायला म्हणून मामाजी मुद्दाम उठले, दोन्ही मागांच्या खड्ड्यांना फेरी मारून परत आले आणि बसले. पाय कुठेच गेला नाही. "पाहिलं?" ते म्हणाले. आम्ही म्हटलं, पाहिलं.

जेवणं झाली आणि दाराची कडी वाजली.

"विरजन आहे का वो?" समोरची काकू.

मामाजींनी मोठ्या दिमाखात एका हातातला कंदील वर धरला आणि दार उघडलं. काकू वाटी घेऊन उभी. तिच्या मागे खांबावरचा दिवा, तिच्या घरातला बल्ब, आणि अख्खी गल्ली अशी उजळलेली, जसं कोणाचं लग्न. त्या उजेडाची पट्टी आमच्या घरात आली आणि लाल, हिरवे, पिवळे सगळे दोरे एकदम रंगीत दिसायला लागले.

काकूनं आत डोकावून पाहिलं. "अंधारात काहून बसले जी? बल्ब गेला का?"

मी जमिनीत जायचं ठिकाण शोधत होते. खड्डा समोरच होता.

मामाजींनी गल्लीकडे पाहिलं, मग कंदिलाकडे. मग म्हणाले, "तालीम करून राहिलो."

"पुन्हा?"

"मंग. एकाच तालमीत का नाटक होते?"

काकू विरजण घेऊन गेली. तिच्या चपला अर्ध्या गल्लीत थांबल्या आणि तिचं हसणं आमच्यापर्यंत आलं. मामाजींनी दार लावलं, वळले, आणि पहिले आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली. मग आत्याबाईंकडे. त्या सुपारी चावत होत्या. मग माझ्याकडे.

"फ्यूज कुठी हाय?"

"कोठीत," मी म्हटलं. आवाज कुठून आला माझा मलाच समजलं नाही. "मले माहेरी जाचं होतं जी."

मामाजींनी कंदील खाली ठेवला. "काढ."

मी कोठीत हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. फ्यूज नाही. आजोबा आले, त्यांनी हात घातला. नाही. मग तांदूळ सुपानं बाहेर काढायला लागलो. मी पाखडतेय, आजोबा चाचपताहेत, मामाजी कंदील धरून वाकले आहेत आणि म्हणताहेत, "अख्ख्या घराले दोरे बांधले, एक त्या फ्यूजले नाही बांधला." खडे सापडले, एक जुनं बटण सापडलं, कडुलिंबाची पानं सापडली, फ्यूज नाही. तांदळाचा ढीग गुडघ्याएवढा झाला. मला रडू फुटायच्या बेतात होतं, कारण फ्यूज नाही तर लाइट नाही, लाइट नाही तर उद्याची बस नाही.

तेवढ्यात आत्याबाईंनी बटवा उघडला. दोन सुपाऱ्या काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि तिसरा काढला तो फ्यूज.

"मघाच सापडला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, भातात शिजाले नको."

"मंग आमाले काहून शोधाले लावलं?" मामाजी ओरडलेच.

"चार महिन्याचे तांदूळ निवडाचे होते. आयतेच निवडून झाले."

आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मामाजींनी ढिगातले दोन दाणे उचलून पाहिले. मग म्हणाले, "हा काही खरा अंधार नव्हता. खरा अंधार यायचा हाय."

"काहून? अंधाराले सरकारी शिक्का लागते का?" आत्याबाईंनी मांडीवरचे तांदूळ झटकले. "तुमी पडले का खड्ड्यात?"

"नाही."

"मंग निपटला. तुमी म्हटलं होतं, अंधार निपटला का जाजो. मले माह्या लग्नाच्या पयल्या साली असंच म्हटलं होतं तुमी. तवा ताणा निपटू दे म्हटलं. निपटला का तो अजून?"

 मामाजींनी फ्यूज घेतला, स्टुलावर चढले आणि स्वतः बसवला. बल्ब लागला. घरभर दोरे, मध्ये तांदळाचा डोंगर, आणि आत्याबाई ओल्या लुगड्यात, पाठीवर बकरीचे केस.

"सकाळची पयली गाडी," मामाजी स्टुलावरूनच म्हणाले. "भंडाऱ्याले उतरून तुमसरची धरजो."

सकाळी ते बसपर्यंत आले.  गाडी निघताना खिडकीतून मला एक कंदील दिला, लोणच्याच्या काचेचा. "तिकडे अंधार राहते ना," म्हणाले. ज्या गावात कंदिलाशिवाय काही नव्हतं तिथे मी मांडीवर कंदील घेऊन तीन बस बदलत गेले. दादा फाट्यावर उभा होता. त्यानं पहिले कंदील पाहिला, मग मला, आणि म्हणाला, "सासरी काय चालू आहे?" मी बंडीत बसून हसायला लागले ते नाला ओलांडेपर्यंत हसत होते. टेंभरं आईनं वाळवली नव्हती.

आठव्या दिवशी मामाजींचं कार्ड आलं. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, पेन्सिलीनं. आईकडे ते कितीतरी वर्षं होतं, मग माझ्या पेटीत आलं. मजकूर तुला सांगते: लाइन खरोखर बंद झाली. आज दुसरा दिवस. मी खड्ड्यात पडलो नाही. दोऱ्यात अडकून आडवा झालो, पण ते समोरच्यांनी पाहिलं नाही. तुझ्या आत्याबाई अजूनही बकरीकडेच जाऊन राहिल्या. कंदील धूर सोडते, वात कोणाला कापता येत नाही. फराळ संपला. आमची काही तक्रार नाही, पण लवकर ये.

तर बघ, अंधार हा असा आहे. येतो म्हणतो तेव्हा येत नाही, आणि आला की माणसाची आठवण काढायला लावतो. इन्व्हर्टर काही मी बसवणार नाही, तुझा बाप म्हणतो तरी. तो कंदील आहे अजून, काच तीच, पावसाळी हवेत मेथीचा वास अजून येतो. वात मी कापून ठेवली आहे. मोरीपासून तुझ्या खाटेपर्यंत एक दोराही बांधते, अखंड एकाच सुताचा, मधे जोड नाही, म्हणजे तू बकरीकडे जाणार नाहीस. आंब्याला मोहोर आलाय, तू विचारलं नाहीस तरी सांगते. लाइटचं काय व्हायचं ते होवो. तू पुढच्या शनिवारची गाडी धर, आणि ये गं लवकर.